जुन्या बोटीवरचा संडास: हातपंप, नळ्या, टाकी आणि वास

खाडीकाठ

बोट १९८४ची, ३० फुटी, शिडाची. मुक्काम न्यू जर्सीत, बार्नेगॅट बे. संडास जॅबस्को कंपनीचा, हातपंपाचा: भांड्याशेजारी उभा पंप, दांडा फिरवून खाली अडकवायची सोय. हापसायचं पाणी समुद्राचंच. पुढे वाय-व्हॉल्व, त्याचा एक फाटा घाण साठवायच्या टाकीकडे आणि दुसरा थेट बाहेर. कुठली नळी कधी बदलली याची नोंद नाही. तक्रारी अशा:

१) भांडं कोरडं केलं तरी अर्ध्या तासात तळाशी पिवळट पाणी परत येतं.
२) आठवड्याने पहिल्यांदा हापसलं की सडक्या अंड्यांचा वास.
३) दांडा जड, खाली दाबताना जास्तच.
४) वाय-व्हॉल्वचं हँडल हलत नाही.
५) वापर नसला तरी खणात कायम दर्प.

दुकानात सल्ला मिळाला की अख्खा संडास बदला. बदलावा का?

शिडवाला_काका

नको, निदान आत्ता तरी नको. पाचांपैकी पंपाशी थेट संबंध जेमतेम दोन तक्रारींचा आहे. बाकीचं दुखणं नळ्यांमध्ये आहे, आणि नवा पंप जुन्याच नळ्यांना जोडलात तर महिन्याभरात पुन्हा इथेच याल.

आधी एक सकाळ नुसतं नळ्यांमागे जा. हातात बॅटरी आणि कागद. दोन वाटा काढायच्या. आत येणारी: तळातलं भोक, सीकॉक (त्या भोकावरची तोटी), पाऊण इंची (१९ मिमी) नळी, पंपाचं डोकं, तिथून भांड्याची कड. बाहेर जाणारी: पंपाचा तळ, जोकर व्हॉल्व (घाण उलटी येऊ न देणारी रबरी झडप), दीड इंची (३८ मिमी) नळी, कमान, वाय-व्हॉल्व, मग टाकी किंवा समुद्र. टाकीपासून आणखी दोन: डेकवरच्या झाकणाकडे जाणारी उपशाची नळी आणि बाहेर उघडणारी हवेची बारीक नळी. प्रत्येक नळी कुठे खाली झोल खाते ते आकृतीत ठळक करा. झोल असेल तिथे घाण साचून राहते, हे पुढे लागणार आहे.

आता पंप. एकाच नळकांड्यात दोन पंप आहेत असं समजा. दट्ट्याच्या वरची बाजू स्वच्छ, खालची घाण. दांडा वर ओढला की वरचं समुद्राचं पाणी भांड्यात ढकललं जातं आणि त्याच वेळी भांड्यातली घाण खालच्या बाजूला ओढली जाते. दांडा खाली दाबला की वर नवं पाणी शिरतं आणि खालची घाण जोकर व्हॉल्वमधून बाहेर पडते. पंपावरचा लिव्हर 'कोरडं'वर असेल तर पाण्याची वाट बंद होते, घाण मात्र जात राहते. एवढं डोळ्यासमोर असेल तर बिघाड लक्षणांवरून सांगता येतो:

दाबताना भांड्यात बुडबुडे आणि घाण उलटी उसळते: तळाची वजनाची झडप गेली, किंवा तिच्याखाली केस नाहीतर कागद अडकलाय.
पाणीच नीट चढत नाही: डोक्याखालची वरची झडप, किंवा पाण्याच्या वाटेवर हवा शिरतेय.
कडेतून येणारं पाणी गढूळ: दट्ट्याची ओ-रिंग झिजली, खालचं वर मिसळतंय.
दांड्याच्या बुडाशी गळती: दांड्याचं सील.
बंद असताना भांडं हळूहळू भरतं: जोकर, किंवा सायफन (भरलेल्या नळीतून समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाणं). हे दोन वेगळे रोग आहेत आणि दुसरा बोट बुडवतो.

सोलंट_सई

काकांच्या शेवटच्या ओळीवर थांबते. पाणी परत येतंय तर आजच ही तपासणी करा. आत येणाऱ्या पाण्याचा सीकॉक बंद करा, भांडं कोरडं करा, तासभर थांबा. तरी पाणी आलं तर ते बाहेर जाणाऱ्या नळीतून उलटं येतंय, म्हणजे जोकर. सीकॉक बंद केल्यावर यायचं थांबलं तर समुद्र आत येतोय. पिवळट आहे म्हणता, त्यामुळे बहुधा जोकरच; पण खात्री करा.

बहुतेक शिडांच्या बोटींत भांड्याची कड पाण्याच्या पातळीच्या खाली असते, किंवा बोट कलली की जाते. म्हणून दोन्ही नळ्यांना उलट्या यू आकाराची कमान लागते, माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व असलेली. कमानीचा माथा बोट पूर्ण कललेली असतानाच्या पाणपातळीपेक्षाही किमान २० सेंटिमीटर वर हवा. जुन्या बोटींत सर्रास दिसणारी चूक: पाण्याच्या नळीची कमान सीकॉक आणि पंपाच्या मधे घालतात. मग पंप पाण्याऐवजी माथ्यावरून हवा ओढतो आणि कोणीतरी वैतागून ते भोक एम-सीलने बुजवतो. कमान तर दिसते, पण सायफन तोडायला काही उरत नाही. ती पंपाचं डोकं आणि भांडं यांच्या मधे हवी. नव्या पंपाबरोबर तिथे एक वीतभर नळी येते; ती काढून तिच्याजागी लांब नळी वर नेऊन खाली आणायची.

माथ्यावरच्या रबरी व्हॉल्ववर मीठ साचतं. हंगामातून दोनदा काढून कोमट गोड्या पाण्यात धुवा. तोंडाने एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही.

नवखा_नाखवा

सायफनने बोट बुडते हे जरा जास्त होत नाही का? दीड इंची नळीतून कितीसं पाणी येणार?

शिडवाला_काका

पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिमीचं उघडं भोक: मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास. छोट्या बोटींत सर्रास दिसणाऱ्या ताशी ५०० गॅलनच्या बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या) खोक्यावर लिहिलेला आकडा मिनिटाला जेमतेम ३२ लिटर होतो, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. पाऊण इंची नळीचा सायफन इतका जोरात नसतो, पण तो रात्रभर चालतो. म्हणून नियम एकच: संडासचे दोन्ही सीकॉक वापरापुरते उघडे, बोट सोडताना बंद, आणि प्रत्येकाला दोरीने बांधलेलं मापाचं लाकडी बूच.

खाडीकाठ

तपासलं. सीकॉक बंद केल्यावरही पाणी येतं. म्हणजे जोकर. पंप उघडणार आहे. कुठलं किट घ्यायचं?

शिडवाला_काका

जॅबस्कोच्या हातपंपाच्या पिढ्या आहेत आणि किट एकमेकांना बसत नाहीत. दांडा फिरवून अडकवायच्या पंपातही २००८च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं. पंपावरचा नंबर वाचून मगच मागवा. किटमध्ये जोकर, वरची झडप, तळाची वजनाची झडप, ओ-रिंग, दांड्याचं सील आणि बारीकसारीक वायसर येतात. सगळं बदला, एकच बदललंत तर पुढच्या महिन्यात दुसरं जातं आणि तोच घाणीचा कार्यक्रम पुन्हा.

क्रम: आदल्या दिवशी वीस-पंचवीस हापसे गोडं पाणी मारा. दोन्ही सीकॉक बंद. खाली जुने टॉवेल आणि पसरट तसराळं. लांब हातमोजे. आधी बाहेर जाणाऱ्या नळीच्या कोपराचे स्क्रू ढिले करा. नळीतलं पाणी इथूनच येणार, तर तसराळं लावूनच. जोकर बाहेर येईल: बदकाच्या चोचीसारखी चीर असलेला रबरी नळा. चीर मिटत नसेल, किंवा आत दगडासारखा थर असेल, तर पहिल्या तक्रारीचं उत्तर तुमच्या हातात आहे. नवा बसवताना चोच बाहेरच्या नळीकडे. उलटा बसवलेला जोकर हे दांडा एकदम गच्च होण्याचं नेहमीचं कारण.

मग डोकं, मग दट्ट्या. नळकांडं आतून बोटाने चाचपा: खडबडीत थर क्षाराचा, तो ॲसिडने जातो, खोल ओरखडा असेल तर किटने भागणार नाही, पंपच बदलावा लागेल. ओ-रिंगला आणि नळकांड्याला सिलिकॉन किंवा टेफ्लॉनचं ग्रीस लावा. चाकांच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस आणि व्हॅसलीन नको, काही रबरं त्याने फुगतात.

स्क्रू प्लॅस्टिकात शिरतात. परत लावताना आधी उलटे फिरवा. जुन्या आट्यात 'टक्' करून बसल्याचं जाणवलं की मग सुलटे. थेट आवळलेत तर नवे आटे पडतात, आणि तिसऱ्या वेळी स्क्रू नुसताच फिरत राहतो.

मीठभाकर

जोकर बदलाल, पण तो का दगडावला हे कळलं नाही तर दरवर्षी बदलत बसाल.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. लघवीत फॉस्फेट आणि युरिया. नळीत दोन्ही एकत्र पडून राहिली की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, पाणी अल्कधर्मी होतं आणि मग कॅल्शियमचे फॉस्फेट-कार्बोनेट आणि मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेट नळीच्या भिंतीवर बसू लागतात. काही वर्षांत ३८ मिमीची नळी आतून २० मिमीची होते. दाबताना दांडा जड, ही तुमची तिसरी तक्रार, बहुधा यातलीच आहे. पंप कितीही नवा आणला तरी तो याच अरुंद वाटेने ढकलणार.

थर घालवायचा तो ॲसिडने. व्हिनेगर ५ टक्के, फार सौम्य; दर आठवड्याला दोन कप टाकून रात्रभर ठेवलंत तर नवा थर धरत नाही, पण वीस वर्षांच्या थरापुढे त्याचं काही चालत नाही. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड बरं: कोमट लिटरभर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम. जुन्या थराला सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक, साधारण १० टक्के. बाजारातलं ३० टक्क्यांचं असेल तर एक भाग ॲसिड, दोन भाग पाणी. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. चष्मा, हातमोजे, वरची खिडकी उघडी.

भांडं कोरडं करून अर्धा लिटर ओता. दहा-पंधरा मिनिटं फसफसू द्या. एक-दोन हापसे, म्हणजे ते थोडं पुढे सरकेल. पुन्हा थांबा. असं करत अख्ख्या नळीतून पुढे न्या. फसफस थांबली म्हणजे एकतर थर संपला किंवा ॲसिड संपलं. दुसरा अर्धा लिटर ओतून ठरवा. शेवटी भरपूर पाणी. स्टीलच्या क्लिपा, स्प्रिंगा आणि सीकॉक यांवर ते रात्रभर राहू देऊ नका. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर हायड्रोक्लोरिक टाकीपर्यंत अजिबात जाऊ देऊ नका.

आणि ठळक अक्षरांत: ॲसिडच्या आधी किंवा नंतर ब्लीच नाही. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू, तोही कपाटाएवढ्या खोलीत. एरवीही ब्लीच टाकू नका, रबर खातं. पाइन तेलाचे सुगंधी क्लीनर सील फुगवतात. आणि उकळतं पाणी भांड्यात कधीच नको.

नवखा_नाखवा

खाण्याचं तेल टाकून हापसलं की दांडा हलका होतो असं सगळीकडे वाचतो.

मीठभाकर

होतो, तीन दिवस. मग ते धुऊन जातं आणि काही टाकीत तरंगत राहतं. जड दांड्याचं कारण थर असेल तर तेलाने तो झाकला जातो, एवढंच. सिलिकॉन ग्रीस लावलेला दट्ट्या महिनोन्‌महिने चालतो.

खाडीकाठ

किती हापसे मारावेत? आधीच्या मालकाची चिठ्ठी दारावर आहे: 'दहा वेळा'.

शिडवाला_काका

दहा वेळा कुठल्या नळीला? मोजून काढा. ३८ मिमी नळीत मीटरला १.१३ लिटर मावतं. तुमची नळी भांड्यापासून टाकीपर्यंत समजा अडीच मीटर, म्हणजे २.८ लिटर. आता पंप एका हापशाला किती देतो? भांडं कोरडं करा, लिव्हर 'पाणी'वर न्या, सीकॉक बंद करून पाण्याची नळी त्यावरून काढा, मापाच्या बादलीत बुडवा, दहा हापसे मारा आणि बादलीतून किती कमी झालं ते पाहा. दहा हापशांत दीड लिटर गेलं तर नळी पूर्ण धुवायला एकोणीस लागतात. दहाच मारले तर निम्मी नळी लघवीने भरलेली राहते, आणि मीठभाकर म्हणतात ती खडी तिथेच जमते.

सोलंट_सई

पण १९ हापसे मारले तर टाकी किती दिवस पुरेल? ६० लिटरची टाकी, दरवेळी ३ लिटर, म्हणजे वीस वेळा. चार माणसं, दीड दिवस. इथेच सगळे काटकसर करतात आणि नळी मरते.

माझं मत: टाकीपर्यंतची नळी लहान करा. जुन्या बोटींत वाय-व्हॉल्व भलत्याच ठिकाणी असतो आणि नळी त्याच्यासाठी वळसा घालून जाते. वळसा काढलात तर अडीच मीटरचं सव्वा मीटर होतं. आणि टाकीकडे जाताना नळी कमानीनंतर सतत उतरती असू द्या. मग फक्त चढाचा भाग धुवावा लागतो, बाकीचं आपोआप टाकीत जातं.

मीठभाकर

शिवाय गोडं पाणी. शेवटचे चार-पाच हापसे गोड्या पाण्याचे असतील तर कॅल्शियमही नाही आणि वासही नाही. तुमची दुसरी तक्रार, सडकी अंडी, टाकीची नाहीच. पहिल्या हापशाला येणारा वास आत येणाऱ्या पाण्याचा. नळीत अडकलेले सूक्ष्म जीव आठवड्यात मरतात, प्राणवायू संपतो, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं. जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. टाकीत कितीही महागडी औषधं ओता, या वासाला फरक पडत नाही. हा पैसा लोक वर्षानुवर्षं वाया घालवतात.

उपाय स्वस्त आहे: बेसिनचा निचरा पाण्याच्या नळीला टी (तीन तोंडांचा सांधा) घालून जोडायचा. टी शक्यतो सीकॉकच्या जवळ. बोट सोडताना सीकॉक बंद करा, बेसिनमध्ये चार लिटर गोडं पाणी ओता आणि हापसा. पंप समुद्राऐवजी बेसिन ओढतो आणि नळी, पंप, कड सगळं गोड्या पाण्याने भरतं. बेसिनचं भोक पाणपातळीच्या वर असायला हवं, नाहीतर बोट कलली की बेसिन भरेल. पिण्याच्या टाकीची नळी मात्र थेट संडासला जोडू नका. एक झडप गेली की काय कुठे मिसळेल ते सांगायला नको.

खाडीकाठ

आणि पाचवी तक्रार? कायमचा दर्प?

शिडवाला_काका

फडक्याची परीक्षा. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं नळीला गुंडाळा, गार होईपर्यंत ठेवा, मग बोटीबाहेर जाऊन हुंगा. फडक्याला वास लागला तर नळीच झिरपतेय. गळत नाही, पण वायू रबरातून पार होतो. प्रत्येक नळीला नवं फडकं. चाळीस वर्षांच्या बोटीत झोल पडलेल्या नळ्या हमखास नापास होतात. फडकी पास झाली तर मग सांधे, टाकीची झाकणं आणि भांड्याखालच्या बिल्जमधलं साचलेलं पाणी, या क्रमाने.

नळी घेताना 'सॅनिटेशन'साठी बनवलेली, आतून गुळगुळीत, जाड भिंतीची. बिल्जची खाचखाचांची पांढरी नळी नको. सरळ जाणाऱ्या लांब भागात पीव्हीसीचा कडक पाइप चालतो, त्यातून वास पार होत नाही. फक्त दोन्ही टोकांना वीतभर लवचिक नळी ठेवा, बोट पीळ खाते.

जुनी काढताना ओढू नका. क्लिप काढा, सुरीने लांबीच्या दिशेने चीर द्या, पण नळी ज्यावर चढवलेली असते त्या आतल्या खाचांच्या नळकांड्याला पातं लागू देऊ नका. तिथला ओरखडा म्हणजे कायमची गळती. नवी चढवताना टोक गरम पाण्यात दोन मिनिटं, आत भांडी घासायच्या साबणाचं पाणी, आणि एका दमात पिळत आत. ग्रीस नको, नंतर निसटते. पाणपातळीखालच्या प्रत्येक टोकाला ३१६ स्टीलच्या दोन क्लिपा, स्क्रू विरुद्ध बाजूंना. त्यासाठी ते खाचांचं नळकांडं तेवढं लांब हवं. आखूड असेल तर दुसरी क्लिप हवेत बसून नळीच कापते.

सोलंट_सई

टाकीची हवेची नळी विसरू नका. ती बुजली तर तीन गोष्टी होतात: दांडा जड होतो (हेही तुमचं कारण असू शकतं), टाकी फुगते, आणि उपसा करताना पोकळी होऊन टाकी पिचकू शकते. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी असते, तिच्यावर मीठ आणि किडे. दर उपशानंतर बाहेरून गोड्या पाण्याचा पाइप लावून उलटं धुवा. नवी घालणार असाल तर १६ मिमीच्या जागी २५ मिमी. हवा खेळली की टाकीत वासाचे जिवाणू मागे पडतात. दांडा अचानक जड झाला तर जोर लावू नका; टाकी भरलेली असू शकते आणि पुढचा हापसा सर्वांत कमकुवत सांधा शोधेल.

सीकॉक पितळी असेल तर तेही बघा. पितळातलं जस्त समुद्रात निघून जातं, उरतं ते सच्छिद्र तांबं. सुरीने खरवडा: पिवळं दिसलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर बोट पाण्याबाहेर काढून बदला. बदलताना ब्राँझ किंवा 'सीआर' अक्षरं कोरलेलं, जस्त न सोडणारं पितळ. इमारतीच्या नळकामाचा व्हॉल्व तळात कधी नको.

शिडवाला_काका

अमेरिकन बोटींत अजून एक. तळातल्या फिटिंगचे आटे सरळ असतात आणि दुकानातल्या बॉल व्हॉल्वचे निमुळते. दोन-तीन वेढे बसतात आणि वाटतं घट्ट झालं. त्यावर सगळी बोट. सरळ आट्यांचा, बुडाशी चकती असलेला खरा सीकॉक घ्या.

खाडीकाठ

वाय-व्हॉल्वबद्दल कोणी बोललं नाही.

शिडवाला_काका

तुमच्याकडे तो हवाच कशाला? अमेरिकेत किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडता येत नाही, आणि बार्नेगॅट बे तर 'नो डिस्चार्ज झोन': प्रक्रिया केलेलंही नाही. व्हॉल्व टाकीकडे वळवून पक्का बंद केलेला दिसला पाहिजे: कुलूप, न सुटणारी वायर-टाय, किंवा हँडलच काढून. तुमचं हँडल अडकलंय ते कुठल्या बाजूला, हे आधी बघा. बाहेरच्या बाजूला अडकला असेल तर आजपासून बेकायदा आहात.

आतल्या क्षाराने अडकला असेल तर ॲसिडचे दोन फेरे झाल्यावर हलतो. पान्याने पिळू नका, प्लॅस्टिकचा कणा मोडतो. तीन मैलांपलीकडे जाणार नसाल तर व्हॉल्व काढून नळी थेट टाकीला जोडा. दोन सांधे कमी, वास कमी. उपसा महाग नाही. १९९२च्या क्लीन व्हेसल ॲक्टच्या अनुदानावरच्या केंद्रांवर तो स्वस्तात होतो.

अपोलोबंदर

मुंबईकडून थोडी भर. बंदरातलं पाणी गाळाचं, तो गाळ ओ-रिंग आणि नळकांडं घासून काढतो. पाण्याच्या नळीत सीकॉकनंतर पारदर्शक झाकणाचा गाळणा बसवा आणि दर फेरीनंतर उघडा. प्लॅस्टिकची पिशवी भोकावर चिकटली की पंप कोरडा घासतो. पाणी येत नसेल तर हापसत राहू नका, सीकॉक बंद करून तिथली नळी काढा, भांडं खाली धरून सीकॉक क्षणभर उघडा. धार जोरात आली तर अडथळा पुढे आहे, नाही आली तर बाहेर.

आमच्याकडे बोटी मेअखेर वर काढतात. चार महिने दमट हवेत बंद पडलेल्या पंपाची रबरं चिकटतात. म्हणून पावसाळ्याआधी गोड्या पाण्याने धुवायचं, टाकी उपसून दोनदा धुवायची, पंप कोरडा करून दट्ट्याला ग्रीस, जोकर काढून डबीत ठेवायचा आणि कोपर मोकळा ठेवायचा. सुटे भाग इथे सहज मिळत नाहीत, त्यामुळे दोन किट कायम बोटीवर.

मीठभाकर

न्यू जर्सीत उलट, थंडी. टाकी उपसून धुवा. पाण्याचा सीकॉक बंद करून नळी काढा, गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या बादलीत बुडवा, बाहेरच्या टोकाला गुलाबी दिसेपर्यंत हापसा. सहा-आठ लिटर लागतं. थोडं टाकीतही जाऊ द्या. गाडीचं हिरवं कूलंट नको, ते इथिलीन ग्लायकॉल, विषारी.

आणि टाकीचं तपासणीचं झाकण उघडलं तर आत डोकं घालू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं.

नवखा_नाखवा

कागदाचं काय? घरी सगळे पाणीच वापरतात.

सोलंट_सई

उत्तम. हातपंपात अडकणारी पहिली वस्तू कागद, दुसरी ओले पुसके. पाण्याने काम भागत असेल तर अर्धे अडथळे होतच नाहीत. फक्त तांब्यातलं पाणीही टाकीत जातं, तेवढं धरून चला. जेट स्प्रे लावाल तर पिण्याची टाकी लवकर संपते, तांब्या बरा. पाहुण्यांसाठी कागद ठेवायचाच तर एकपदरी, आणि आधी पाण्याच्या बरणीत टाकून दहा वेळा हलवा. लगदा झाला तरच ठेवा, नाहीतर झाकणाच्या डब्यात.

खाडीकाठ

जोकर, झडपा, ओ-रिंग बदलल्या. जुना जोकर चाकूने कापावा लागला इतका कडक होता. ॲसिडच्या तिसऱ्या फेरीत फसफस थांबली, वाय-व्हॉल्व हलला, टाकीकडे करून टाय मारली. पाण्याची कमान सई म्हणतात तशी चुकीच्या जागीच होती, भोक बुजवलेलं. नवीन नळी मागवलीय. तीन फडकी नापास.

दारावरची चिठ्ठी बदलायची आहे. कोणी मजकूर देता का?

शिडवाला_काका

बसूनच. उभं राहून नाही, कोणीही असो.
आधी लिव्हर 'पाणी'वर, चार हापसे.
झाल्यावर पूर्ण लांबीचे वीस हापसे, सावकाश. (तुमचा मोजलेला आकडा घाला.)
मग लिव्हर 'कोरडं'वर, भांडं रिकामं होईपर्यंत.
दांडा खाली, फिरवून अडकवा. लिव्हर 'कोरडं'वरच राहू द्या.
पुसके, केस, सॅनिटरी पॅड, अन्न डब्यात.
दांडा जड लागला तर थांबा आणि हाक मारा. रागावणार नाही.